टेन्युअर म्हणजे आपली पर्मनंट नोकरी नव्हे

कुणीतरी लिहिलं होतं की अमेरिकेतलं टेन्युअर (कॉलेज-विद्यापीठातल्या प्राध्यापकाला तपासणीनंतर मिळणारं नोकरीचं संरक्षण) म्हणजे आपल्याकडची पर्मनंट नोकरीच, ते मला पटत नाही. आपल्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत प्रोबेशन एक वर्षाचं, फार तर अजून एक वर्ष वाढतं, आणि कायम झालात की प्रमोशन नाही मिळालं तरी नोकरी राहते. तिकडे असिस्टंट प्रोफेसर म्हणून साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरसाठी फाईल जाते, शिकवणं, संशोधन, कमिट्यांवरचं काम सगळं तपासतात, बाहेरच्या अभ्यासकांची पत्रं मागवतात आणि नकार आला तर बहुतेक एक वर्ष देऊन निरोप. लिबरल आर्ट्स कॉलेजात (मुख्यतः पदवीपर्यंतचं शिक्षण देणारी छोटी कॉलेजं) शिकवण्याला वजन जास्त, हे मला फार आवडतं.

मी स्वतः मुंबईत सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या नेमणुकीवर, सहा वर्षं काढली, सकाळी दादर दुपारी अंधेरी, लोकलमध्ये पेपर तपासायचे, आणि एका कॉलेजने तर दोन महिन्यांचे पैसे सेमिस्टर संपल्यावर दिले. टेन्युअरचा खरा अर्थ, नको ते बोललो म्हणून काढणार नाहीत, हा आहे. तासावरच्या माणसाला हे संरक्षण कुठून मिळणार? आणि हो, तिकडेही अ‍ॅडजंट (एकेका कोर्सपुरते नेमलेल्या) लोकांची हीच अवस्था आहे, त्यामुळे तिकडे अर्ज करताना पद टेन्युअर ट्रॅक, म्हणजे पुढे टेन्युअर मिळू शकेल असं, आहे का हे आधी बघा.