वाटणीत प्रत्येक गटाच्या पट्ट्याच का पडतात? गेम थिअरीवाले सांगा

बार्शीकर: घरात वाटपाचं चाललंय. तिघे भाऊ, तीन गट: ओढ्याकडची काळी सव्वादोन एकर, विहिरीखालची दीड एकर, माळाची 45 गुंठे. एकेकानं अख्खा गट घ्यावा, कमीजास्तीचे पैसे द्यावेत, हे चहा पिताना तिघांनाही पटतं. कागद काढला की, "प्रत्येक गटात माझा तिसरा हिस्सा टाका." माळावर 15-15 गुंठे आले तर ट्रॅक्टर वळवायचा कुठं? गेम थिअरीत, म्हणजे एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवर ठरतो त्या पेचांच्या अभ्यासात, ह्याला 'प्रिझनर्स डिलेमा' म्हणायचं का?

मोजणीवाला: नाही. त्यात बाकीचे सरळ वागले तरी दगा देण्यातच फायदा असतो. इथं बाकीचे दोघे खरंच राजी असतील तर तुम्हीही अडणार नाही. हा भरवशाचा खेळ, 'अ‍ॅश्युरन्स गेम'. सगळे गट अखंड किंवा सगळ्यांच्या पट्ट्या, दोन्ही ठिकाणी खेळ स्थिरावतो, तिथून एकट्यानं हलण्यात कुणाचाच फायदा नसतो. पट्ट्यांत पीक कमी, पण धाकधूक नाही: ओढा फुटो नाहीतर माळावरून रस्ता जावो, नफातोटा तिघांना सारखाच.

शिवाय तुमचे माळावरचे 15 गुंठे तुकडेबंदीत, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यात, बसत नाहीत. तो कायदा 1947 चा. 2023 च्या अधिसूचनेनं जिरायतीला किमान 20 गुंठे, बागायतीला 10. मग लोक बांध घालून वहिवाट वेगळी करतात आणि सातबारा सामाईक ठेवतात. पुढं विकायचं म्हटलं की एक रुसला तरी सगळं अडतं. कायद्यानं एक चाल बंद केली, भीती होती तिथंच.

चिंचेखाली: आमच्याकडं थोरला वाटे पाडतो, धाकटा आधी उचलतो. उरलेला आपल्यालाच येणार म्हणून थोरला तोलूनच पाडतो. कशाला इंग्रजी पुस्तकं?

बार्शीकर: दोघांत झकास. तिघांत धाकट्यानं उचलला तोच मधल्याला हवा असला तर? आमच्यात मधला मीच.

मोजणीवाला: मग विहिरीच्या गटासाठी बंद चिठ्ठ्या. जास्त रक्कम लिहील त्याला गट, पैसे बाकी दोघांना. उरलेल्या दोन गटांत चिंचेखालींची वाटे पाडायची जुनी रीत चालेल. पण चिठ्ठ्यांआधी पाण्याची पाळी आणि मोटारीचं बिल लिहून घ्या. पाणी मोघम राहिलं तर जो तो विहिरीवरच बोली चढवेल.

बार्शीकर: थोरल्याकडं रोकड नाही, सोयाबीन विकल्यावर देतो म्हणतो. हप्ते चालतील?

मोजणीवाला: चालतील. तारखा वाटणीपत्रात घाला, "सुगीनंतर" असं लिहू नका.