फाईल कोण अडवतं, कारकून की साहेब?

सायकलस्वार
वडिलांच्या माघारी आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पाच महिने एका कार्यालयात खेटे घातले. शेवटी ओळखीनं फाईल बघायला मिळाली (तेही खरं तर चूकच). कारकुनाची टिपणी पहिल्याच आठवड्यात लिहून तयार होती. समासात साहेबांचे दोनच शब्द: 'चर्चा करा'. ती चर्चा काही झाली नाही. मग साहेबांची बदली झाली आणि नव्यांनी शेरा मारला, 'प्रस्ताव नव्याने सादर करा'.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे, बदल्यांचा आणि दप्तरदिरंगाईचा. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलंय. पण 'चर्चा करा' लिहिलं की फाईल निघाली, सात दिवस पाळले! शिव्या मात्र खिडकीवरचा कारकून खातो. माझं मत असं की सरकारी कामाचा वेग खालच्या आळशीपणानं मरत नाही, वरच्या सहीच्या भीतीनं मरतो.

रोकडा_हिशेब
कारकुनांना एवढं सोवळं ठरवू नका. अकरा वाजता टेबलावर चष्मा असतो, माणूस नसतो. वर 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा. आमच्या कंपनीत महिन्याचं टार्गेट हुकलं तर जाब द्यावा लागतो. इथं काय, पगार एक तारखेला ठरलेला. सरकारी कार्यालयांत पुढारपण वगैरे काही नसतं, फक्त सेवाज्येष्ठता असते.

दप्तरबंद
निवृत्त अव्वल कारकून बोलतोय, थोडं ऐकून घ्या. शनिवार फुकट नाही मिळाला, रोज 45 मिनिटं वाढवली. पावणेदहा ते सव्वासहा. अंगठा लावून चहाला जाणारे आहेत, नाकारत नाही. मीही गेलोय.

पण साहेब कसा आहे यावर दप्तर चालतं, हे मी स्वतः अनुभवलंय. 1980 च्या दशकात अनिलकुमार लखीना नगरला जिल्हाधिकारी होते. त्यांनी कागदांचे सहा गठ्ठे करायला लावले. ज्यावर आज काम करायचं ते वेगळं, ज्यात दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघायची ते वेगळं, ठरावीक मुदतीला पाठवायची विवरणपत्रं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात जायचे वेगळे, नष्ट करायचे वेगळे. यात नवा कर्मचारी नाही की मोठा खर्च नाही. पण माझ्या टेबलावर हे लावलं तेव्हा कळलं, की 'कामाचा ढीग' म्हणून मी जे दाखवत होतो त्यातलं निम्मं काम नव्हतंच, कागद होते. आमचे एक साहेब दर शुक्रवारी स्वतः टेबलाशी स्टूल ओढून बसायचे आणि कार्यविवरण नोंदवही, म्हणजे आलेल्या कागदांची आणि त्यांवरच्या कामाची वही, उघडायचे. ओरडले कधी नाहीत. तरी गुरुवारी संध्याकाळी आमची धावपळ बघण्यासारखी असायची. ते गेले आणि दोन महिन्यांत गठ्ठे पुन्हा एक झाले.

रोकडा_हिशेब
म्हणजे माझंच खरं झालं की! साहेब हलला की सगळं ढेपाळतं, तर ती व्यवस्था कसली? 2025 च्या कार्यालय सुधारणेच्या 100 दिवसांच्या मोहिमेतही आमच्या इथं भिंती रंगल्या, पाण्याचा कूलर आला. अर्जाला मात्र पूर्वीइतकेच दिवस.

हिरवी_शाई
मी सध्या सेवेत आहे, म्हणून कुठे ते सांगत नाही. धागाकर्ते म्हणतात ती सहीची भीती खरी आहे, पण ती भ्याडपणातून येत नाही. सही केली तर लेखापरीक्षणात आक्षेपाचा परिच्छेद निघतो, तक्रार होते, विभागीय चौकशी लागते. निवृत्तीनंतरही पाठ सुटत नाही. आधीच्या चार वर्षांतल्या घटनेवर चौकशी सुरू करता येते. उलट सही न केल्याबद्दल दोषारोपपत्र मिळालेला अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. मग 'मार्गदर्शन मागवा' लिहिणं शहाणपणाचंच ठरतं. त्यात बदलीची टांगती तलवार: कागदावर एका पदावर तीन वर्षांचा कार्यकाळ असतो. विशेष कारण नोंदवून त्याआधीही हलवता येतं.

सायकलस्वार
तुमचं पटतं, पण अर्धंच. माझ्या आईच्या फाईलमध्ये कसला आलाय लेखापरीक्षणाचा धोका? मृत्यूचा दाखला, सेवापुस्तक, नामनिर्देशन, सगळं जागेवर. भीती सवयीची झाली की साध्या कागदालाही लागते. आणि न केलेल्या सहीला दंडच नाही असंही नाही: 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देणं ज्याच्यावर सोपवलंय त्याला, 500 ते 5,000 रुपये दंड आहे.

दप्तरबंद
अधिसूचित सेवा असेल तरच. आधी आपलं काम त्या यादीत आहे का ते बघा. शिवाय त्यासाठी दोन अपिलं करावी लागतात, आणि पुढच्या महिन्यात त्याच टेबलाशी काम असलेला माणूस अपील करत नाही हो.

हिरवी_शाई
हे मात्र बरोबर. माझ्याकडे आजवर एकच पहिलं अपील आलं. अपील करणारे निवृत्त न्यायालयीन अधीक्षक होते.

सायकलस्वार
आईचं निवृत्तिवेतन गेल्या महिन्यात सुरू झालं. थकबाकीची फाईल वेगळी आहे म्हणे. त्यावर काय शेरा आहे, सोमवारी कळेल.