कावड आन् टोंगाचं 'हाआमो' : सोयरे का?

पूर्णाकाठचा : श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी आमचं मंडळ गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन अकोल्याले राजराजेश्वराकडे जाते. औंदा मीही मोठ्या कावडीले खांदा देल्ला. खांदा सुजला, म्हून घरी पडल्या पडल्या मोबाईल चाळत होतो, त्यात टोंगा बेटावरची दगडी कमान दिसली. दोन उभे दगड, वर एक आडवा. नाव 'हाआमोंगा आ माउई', म्हंजे माउई देवाची कावड! मंग आपली कावड समुद्रातून तिकडे गेली, का त्याइची इकडे आली? माय म्हणते, आंधी हळद लाव, मंग भाषा पाह्य.

निवृत्त मास्तर : आईचं आधी ऐका. कावड ना गेली, ना आली. आपल्या शब्दाचे भाऊबंद दक्षिणेत आहेत: तमिळ, तेलुगू, कन्नड तिन्हींत 'कावडि'. टोंगाच्या कमानीच्या नावातला मूळ शब्द 'हाआमो', म्हणजे दांड्याने खांद्यावर वाहणे; त्याचे नातलग पॅसिफिकमध्येच. खांद्यावर वाहणे याला माओरीत 'आमो', सामोआ आणि हवाईतही 'आमो'.
त्याच भाषाकुळातल्या फिलिपिन्सच्या भाषांत मात्र शब्दच दुसरा. तागालोग 'पासान', सेबुआनो 'पास्‌आन', मध्ये घसा क्षणभर अडकवून. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी अशा जोड्या लावून 'पासाकान' हे मूळ रूप उभं केलं. त्यातला 'क' पार घशातून काढायचा. त्याच 'क'चा सेबुआनोत तो अडखळा उरला. हाच बदल इतर शब्दांतही नेमाने दिसतो, म्हणून नातं मानायचं. नुसता कानाला सारखा वाटला म्हणून शब्द सोयरा होत नाही. तुमच्या 'कावड' आणि 'हाआमो'त तर तेवढंही साम्य नाही, फक्त दांडा सारखा!
कमान प्रवाळी चुनखडकाची आहे, उंची 5 मीटरच्या वर.

दर्यापूरकर : मी मलेशियात कामाले होतो. तिथं 'पिकुल' म्हंजे खांद्यावर वाह्यनं, आन् वजनाचं जुनं मापही. काटी हे तिथलं लहान वजन; 100 काटीचा एक पिकुल, साधारण 60 किलो. एका गड्याचं ओझं धरलं जाये. पेनांगचा 'नासी कांदार' भातही त्यातलाच. तमिळ मुसलमान फेरीवाले दांड्याले भात-रस्स्याची भांडी अडकवून विकत फिरत, त्या दांड्याचं नाव 'कांदार'.

पूर्णाकाठचा : 60 किलो एकट्यानं? अन् खांद्याखाली काय घेत होते ते? आमचा दुपट्टा तर घडी करूनही सरकते.

दर्यापूरकर : ओला करून घे भौ, सरकत नाही.