मेकॅनो जमला म्हणजे एमजीबी जमते?

गंजका पत्रा

परवा ‘रविवारचा फिटर’ यांनी फोटोंसकट लिहिलं, की घरच्या घरी उभी करायला एमजीबीइतकी सोपी ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुसरी नाही. पाने-पक्कड आणि अठरा रविवार असले की झालं. वर हे वाक्य: ‘ज्याला लहानपणी मेकॅनो जमला त्याला एमजीबी जमते.’ खाली टाळ्यांचा कडकडाट. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी तिघांनी मला निरोप पाठवून ‘कुठे एखादी पडीक बी (म्हणजे एमजीबी) आहे का’ असं विचारलं, म्हणून हा धागा काढावा लागतोय.

माझी बी १९६६ ची. एरंडवण्यात वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये सात वर्षं आहे. अठरा रविवारांत माझे फक्त नट सुटले होते, त्यातले निम्मे गोल होऊन. (नट अर्ध्या इंचाचा असतो. आपल्याकडचा तेरा नंबरचा पाना त्यावर जवळजवळ बसतो. त्या ‘जवळजवळ’मध्येच नटाचे कोपरे जातात.)

इंजिनाबद्दल तक्रार नाही. १७९८ सीसी, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर, सगळं हाताला येतं. पण ही गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. हिला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छपरही नाही. सगळा भार दाराखालच्या सिलवर. बाहेरचा पत्रा, मधला पत्रा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल, असा तो डबा असतो. तो कुजला की गाडीचा कणा गेला.

घेताना मी चुंबक फिरवला नाही. रंग इतका सुरेख होता की लाज वाटली. नंतर डाव्या सिलला लावला तर टपकन खाली पडला. खरवडलं तर वर बोटभर लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी), लांबीखाली जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. एका बोळ्यावरची ‘नारायण पेठेत एक खोली भाड्याने देणे’ ही छोटी जाहिरात अजून वाचता येत होती.

मग मी दोन्ही सिल एकाच दुपारी कापले. संध्याकाळी दार लोटलं ते परत उघडेना. गाडी मधोमध बसली होती. आधी दाराच्या चौकटीत पुढून मागे पाइप वेल्ड करायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, दार लावून फट बघत बघत टाके मारायचे, हे मेकॅनोच्या डब्यावर छापलेलं नसतं.

रविवारचा फिटर

दोन्ही सिल एकदम कापणाऱ्याने मला सावधगिरी शिकवावी यासारखी करमणूक नाही. तुमची चूक म्हणजे गाडीचा दोष नव्हे.

आणि पर्याय काय देताय? गॅरेज? माझ्या काकांनी त्यांची बी एका नावाजलेल्या माणसाकडे दिली. ‘दिवाळीपर्यंत देतो’ म्हणाला, कोणती दिवाळी ते सांगितलं नाही. चार वर्षांनी गाडी टेम्पोतून परत आली. दोन्ही एसयू नाहीत, डॅशबोर्डवर घड्याळांच्या जागी भोकं, इंजिनाचा ब्लॉक पाण्याच्या वाटेवर तडकलेला, आणि बिल मात्र पूर्ण. एक एसयू पुढे जुन्या बाजारात एका रविवारी घासाघीस करून घेतला. तो काकांचाच होता असा मला आजही संशय आहे. काका ती गाडी चालवायच्या आत गेले. त्यानंतर मी ठरवलं, बिघडवायची असेल तर आपल्या हाताने बिघडवू.

इंजिनासाठी म्हणाल तर मी अंबॅसिडरचं बसवलं. नाना पेठेत वस्तू मिळते, मिस्त्री डोळे मिटून उघडतो, खंबाटकी चढते. आणखी काय पाहिजे?

गंजका पत्रा

थांबा, थांबा. अंबॅसिडरचं? म्हणजे तुमच्या बावीस फोटोंपैकी एकातही बॉनेट उघडं का नाही ते आत्ता समजलं.

मूळ गाडीचा दावा ९५ हॉर्सपॉवरचा, तुम्ही घातलंय त्याची ताकद निम्म्याच्या आसपास. ओसरीवरच्या म्हशीला घोड्याचं खोगीर चढवलंत. आणि तिला एमजीबी म्हणून मिरवताय.

भोसरीचा लेथ

म्हशीला नावं ठेवण्याआधी तिचं घराणं बघा. अंबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. एमजीबीच्या आधीची एमजीए १९५५ मध्ये आली तेव्हा तिच्यातही हेच १४८९. हेड, कार्ब्युरेटर, कॅम वेगळे, पण वंश तोच. १९६२ मध्ये एमजीबी आली ती त्याच इंजिनाला वाढवून १७९८ करून. तेव्हा एमजीए मध्ये अंबॅसिडरचं इंजिन घातलं तर मी त्याला पाप म्हणणार नाही. बी मध्ये घातलं तर तडजोड म्हणेन.

बीची सुद्धा दोन इंजिनं आहेत हे लोक विसरतात. सुरुवातीच्यात क्रँकला (पिस्टन फिरवतात तो दांडा) तीन मेन बेअरिंग, १९६४ च्या अखेरीपासून पाच. एकाचा क्रँक दुसऱ्यात जात नाही. माझ्याकडे एक गृहस्थ तीनवाल्या ब्लॉकसाठी पाचवाला क्रँक परदेशातून मागवून, वर कस्टम्स भरून घेऊन आले होते. मी तो ब्लॉकशेजारी ठेवला. आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो. चहा मीच पाजला.

आणि फिटरसाहेब, तडकलेला ब्लॉक भंगारात घातलात का? ओतीव लोखंडाला थंड टाके घालता येतात. तडीच्या रेषेवर भोक पाडायचं, आटे घालायचे, पिन पिळून बसवायची, पुढचं भोक आधीच्या पिनेला थोडं खाऊन पाडायचं. अशी माळ तडीच्या टोकापर्यंत. वेल्डिंग नाही, ताप नाही. इंजिन बदलायच्या आधी एकदा विचारलं असतंत तर.

आत्याची हेराल्ड

सगळे पुरुष शेडबद्दल लिहितायत. शेड नसलेल्यांनी काय करायचं?

माझ्या आत्याची स्टँडर्ड हेराल्ड होती. मद्रासला बनायची ती. आत्या कॉलेजात शिकवायची आणि लक्ष्मी रोडवरून ती गाडी अशी न्यायची की लोक तिच्याकडे बघायचे का गाडीकडे, हा घरात वादाचा विषय होता. ती गेल्यावर बाबांनी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडली. तिसऱ्या दिवशी खांबावर कागद: ‘पार्किंगमध्ये गाडी उभी करावी. गाडीचे अवयव ठेवू नयेत.’ बाबांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘सांगाडा चालेल का?’ सर्वसाधारण सभेत त्यावर पाऊण तास गेला, पाण्याच्या टाकीचा विषय राहूनच गेला.

मुद्दा असा, की घरी करायची असेल तर बी कशाला? हेराल्डला खाली वेगळी चासी, वरचं शरीर तुकड्यातुकड्यांत बोल्ट केलेलं, आणि अख्खं नाक पुढे उलटतं. चाकावर बसून इंजिनाचं काम होतं. स्पोर्ट्स कारच हवी तर ट्रायम्फ स्पिटफायर त्याच चासीच्या कुळातली, आराखडाही त्याच इटालियन डिझायनर मिकेलोत्तींचा. घ्या ती.

गंजका पत्रा

स्पिटफायरच्या सिलवरही भार असतो. चासी आहे म्हणून बेफिकीर राहिलात तर माझ्यासारखंच होईल. बाकी तुमच्या बाबांना दंडवत.

आत्याची हेराल्ड

दुरुस्ती मान्य. दंडवत पोचवते. ते आता टाकीच्या समितीवर आहेत.

उसकरी

अवांतर आहे, पण कोणीतरी बोललं पाहिजे. तुम्ही इंजिन कुठलंही घाला, टाकीत काय घालणार? पंपावर आता वीस टक्के इथेनॉल. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, टाकीत पाणी ओढलं जातं. माझ्या फियाटचा पाइप बोटांत चुरला. हे सगळं साखर कारखान्यांसाठी.

भोसरीचा लेथ

नाव उसकरी आणि तक्रार उसाची?

उसकरी

ऊस माझा आहे म्हणूनच मला माहितीय. एका हाताने उसाचं बिल घ्यायचं, दुसऱ्या हाताने पेट्रोल पाइपचं द्यायचं. घरात दोन पक्ष आहेत, भाऊ रस्ता ओलांडून बोलत नाही.

गंजका पत्रा

पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचा घ्यायचा, फ्लोटची निडल व्हॉल्व्ह बघायची. शिवाय मिश्रण थोडं पातळ (पेट्रोल कमी) पडतं, ते एसयूला खालचा नट एक-दोन पैलू फिरवून जेट खाली घेतलं की सुधारतं. कार्ब्युरेटरचा पिस्टन पेचकसाने केसभर उचलून बघा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण घट्ट. गचके देऊन बंद पडलं तर पातळ. किंचित वाढून पूर्ववत झालं तर हात काढून घ्या आणि परत लावू नका. दोन्ही कार्ब्युरेटरची हवा जुळवायला रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं तोंडाशी. दोन्हीकडचा सुस्कारा सारखा ऐकू आला पाहिजे. माझ्या बायकोला तो माझ्यापेक्षा बरा ऐकू येतो. उसाचं राजकारण कृपया दुसऱ्या धाग्यावर.

नियमावर बोट

अंबॅसिडरच्या इंजिनाकडे परत येऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ येतं, आधीचा नंबर असलेल्यांना तो ठेवता येतो. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. म्हणजे फिटरसाहेब बाद.

गंजका पत्रा

हेच तर म्हणतोय.

नियमावर बोट

एवढ्यात पेढे वाटू नका. त्याच नियमात व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला बंदी आहे. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांसाठीच रस्त्यावर. म्हणजे तुम्ही व्हिंटेज घेतलंत तर तुमची अस्सल बी पंपापर्यंत जाणार, आणि यांची म्हैस साध्या नोंदणीवर महाबळेश्वरला. शिवाय शेलमध्ये मोठा बदल चालत नाही म्हणताना, दोन्ही सिल कापून नवे बसवणं हा बदल की दुरुस्ती, हे साहेबाच्या समोर तुम्हीच समजावून सांगा. मी कडेला उभा राहून ऐकेन. ह. घ्या.

रविवारचा फिटर

बाडीस, म्हणजे पूर्ण सहमत. फ्रेम करून शेडमध्ये लावा हो, पत्रासाहेब.

गंजका पत्रा

कुजलेल्या जागी त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा बसवणं हा बदल नाही. मग दाताचं सिमेंट भरलं की माणूस बदलतो का? मी सात वर्षं या गाडीखाली पाठीवर काढली आहेत, वेल्डिंगची ठिणगी बनियनमधून आत गेलेली आहे, आणि इंजिन ढापून बॉनेट बंद ठेवणाऱ्याने मला हसावं?

रविवारचा फिटर

ढापून? शब्द जपून वापरा. काकांची गाडी पुन्हा रस्त्यावर यावी एवढंच मला हवं होतं. काकूंना तीत बसवून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत नेलं. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, ‘आवाज वेगळा येतो.’ त्यांनाही कळलं. तेव्हा तुम्ही नवीन काही सांगत नाही आहात.

भोसरीचा लेथ

तो ब्लॉक अजून आहे का?

रविवारचा फिटर

आहे. जिन्याखाली, गोणपाटात.

भोसरीचा लेथ

घेऊन या. तड सिलिंडरच्या भिंतीत गेली नसेल तर टाके बसतील. गेली असेल तर तसं तोंडावर सांगेन. क्रँकही आणा, मोजून बघू, दहा थाऊत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून निघतो का वीस लागतात. अठरा रविवार लागतील असं मात्र समजू नका, आमच्याकडे गुरुवारी वीज नसते.

आत्याची हेराल्ड

चला, धाग्यातून निदान एक ब्लॉक निघाला. पण मूळ प्रश्नाचं काय? ज्या तिघांना पडीक बी हवी होती त्यांचं?

गंजका पत्रा

त्यांना चुंबक भेट देणार आहे. ज्याच्याकडे वेल्डिंगची सवय असलेला हात, स्वतःची बंद जागा आणि सहनशील घर आहे त्याने खुशाल करावं. इंजिन, ब्रेक, कार्ब्युरेटर, वायरिंग घरी करा, माझी हरकत नाही. फक्त १९६७ पर्यंतच्या बीला पॉझिटिव्ह अर्थिंग असतं, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, हे लक्षात ठेवा. चार्जिंगला नेलेल्या माझ्या दोन बॅटऱ्या एका मुलाने सवयीने उलट जोडल्या, सीटमागून धूर यायला लागला तेव्हा मला कळलं.

आणि हो, काकूंना महाबळेश्वरला नेणार असाल तर अंबॅसिडरच्या इंजिनानेही न्या. यापुढे म्हैस म्हणणार नाही. खोगीर म्हणेन.

रविवारचा फिटर

उपकार झाले.

आत्ताच खाली जाऊन फ्रिजवरचा चुंबक लावून आलो. उजवा सिल पूर्ण चिकटला. डाव्याला मागे चिकटतो, पुढे चाकाजवळ वीतभर जागेत पडतो. तीनदा लावून बघितला. दार जरा खालून उचलून लावावं लागतं, ते मी बिजागरीवर ढकलत होतो.

दारात घालायचा पाइप केवढा घेतला होता?

गंजका पत्रा

इंची, चौकोनी. बोहरी आळीतून. उरलेला तुकडा शेडमध्ये पडलाय, येऊन घेऊन जा. बीने येऊ नका पण. डावा सिल तसा असेल तर ती हलवायची नाही.