डेरी म्हणजे फक्त 'इट' नाही हो

डेरी हे स्टीफन किंगच्या भयकादंबऱ्यांमधलं काल्पनिक गाव, ते फक्त 'इट' (१९८६) या एकाच पुस्तकापुरतं आहे असं कुणी म्हणत असेल तर तसं नाही, किंगने ते त्यानंतरही सोडलेलं नाही. त्याच्याच 'ड्रीमकॅचर' कादंबरीत डेरीतल्या मेलेल्या मुलांच्या स्मारकावर कुणीतरी स्प्रेने 'पेनीवाइज (म्हणजे 'इट'मधला पोरं मारणारा जोकर) जिवंत आहे' असं लिहून ठेवलंय, बास, तेवढंच, पुढे काही स्पष्टीकरण नाही, आणि मी रात्री दीडला ते वाचून पंखा चालू असताना पांघरूण डोक्यावरून घेतलं. '११/२२/६३' कादंबरीत तर हिरो भूतकाळात जाऊन १९५८ च्या डेरीत पोचतो तेव्हा 'इट'मधली पोरं बेव्हर्ली आणि रिची चक्क डान्सची प्रॅक्टिस करत असतात! पण मला जोकरपेक्षा तिथली माणसंच जास्त डेंजर वाटतात, पोरं गायब होतायत आणि हे आपले बघून न बघितल्यासारखं करतात. डेरी ज्यावरून घेतलं ते खरं गाव म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यातलं बँगोर, किंग तिथेच राहायचा, 'इट'मधली ती पाण्याची टाकीपण तिथे खरी आहे.