२७ इंची फोरके मॉनिटर घेतला, माऊस अडखळतोय, अक्षरं पुसट. मदत हवी आहे

पेठेतला_डीटीपी:
दिवाळी अंकाचं काम अंगावर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. नवीन २७ इंची फोरके (३८४० × २१६० पिक्सेल) मॉनिटर आणला. चित्र आलं, पण माऊस हलवला की बाण मागून येतो, पान सरकवलं की धक्के बसतात. अक्षरं एकतर बारीक, नाहीतर मोठी केली की पुसट. जुन्या २४ इंचीवर यातलं काहीच नव्हतं. दुकानदार म्हणतो मॉनिटर ठीक आहे, बदलून मिळणार नाही. पीस खराब आहे का? शनिवारी प्रूफं द्यायची आहेत, कृपया लवकर सांगा.

औंधवासी:
केबल एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट? प्रोसेसर कुठला? वेगळं ग्राफिक कार्ड आहे का?

पेठेतला_डीटीपी:
केबल बॉक्समध्ये आली तीच. विंडोज १०. कॉम्प्युटर उत्तम चालतो, तो प्रश्न नाही.

औंधवासी:
काका, प्रश्न तिथेच असण्याची शक्यता जास्त आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने येतं तो आकडा, हर्ट्झमध्ये) किती दिसतो ते लिहा. आणि कॅबिनेटच्या मागे कुठले पोर्ट आहेत तेही.

बाणेर_कोडर:
परत करता आला तर करा. २७ इंचात फोरके म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, स्केलिंगशिवाय, म्हणजे सगळं टक्केवारीने मोठं करून घेतल्याशिवाय, वापरताच येत नाही, आणि विंडोजचं स्केलिंग म्हणजे कायमची कटकट. मी त्याच आकारात २५६० × १४४० वापरतो. इंचाला १०९ पिक्सेल, १०० टक्क्यांवर सगळं स्वच्छ.

सिंहगड_रोड:
३२ इंची घ्यायला हवा होता. १३८ पिक्सेल पडतात, १२५ टक्क्यांवर छान दिसतं. माझ्याकडे तोच आहे.

मुद्रितशोधक_ताई:
बाणेर_कोडर, तुमचं काम रोमन अक्षरांचं आहे. ‘सर्वांना’ हा शब्द दहा पॉइंटला घ्या. ‘वां’च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार चिकटून बसतात. साध्या २४ इंचीवर, म्हणजे इंचाला ९२ पिक्सेलवर, दोन्हींचा मिळून एक ठिपका होतो. अनुस्वार आहे की राहिलाय, हे बघायला दर वेळी झूम करावं लागतं. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीच्या गाठीचंही तेच. दिवसाला ४० पानं वाचायची असली की हा फरक फार मोठा आहे. त्यांनी फोरके घेतला ते बरोबरच केलं.

बाणेर_कोडर:
मान्य, पण १४४० वरही ते वेगळे दिसतात. एकदा बघून मग बोला.

मुद्रितशोधक_ताई:
बघितलंय. पंधरा पॉइंटला दिसतात, दहाला नाही.

छपाईवाला:
अंक छापायला जाणार असेल तर आधी मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या, म्हणजे रंग आणि उजेड प्रमाणात आणा. ब्राइटनेस १२० निटच्या (उजेडाचं माप) आसपास आणा, रंग ६५०० केल्व्हिनला ठेवा. कारखान्यातून येतो तो फार झगझगीत असतो, मग छापील मुखपृष्ठ काळवंडलं असं वाटतं.

पेठेतला_डीटीपी:
मुखपृष्ठ दुसरीकडे होतंय, माझ्याकडे आतली पानं आहेत. औंधवासी, ३० हर्ट्झ दिसतंय. मागे एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए. प्रोसेसर आय५-८४००, बोर्ड एच३१०, वेगळं कार्ड नाही.

औंधवासी:
मग मॉनिटर निर्दोष आहे. त्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सचा एचडीएमआय १.४ आवृत्तीचा असतो आणि त्यातून फोरके सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० हर्ट्झला एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. तुमच्या बोर्डाला डिस्प्लेपोर्ट नाही, त्यामुळे नवी केबल आणून काही होणार नाही. छोटं ग्राफिक कार्ड टाका.

आजची सोय म्हणून रेझोल्यूशन २५६० × १४४० करा, ६० हर्ट्झ मिळेल. अक्षरं किंचित मऊ दिसतील, पण माऊस मोकळा होईल.

कर्वेनगर_७७:
जीटी ७१० कार्ड टाका. सगळ्यात स्वस्त, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल.

औंधवासी:
कृपया ते घेऊ नका! जीटी ७१० चा एचडीएमआयसुद्धा १.४ च आहे, पैसे जाऊन पुन्हा ३० हर्ट्झ. जीटी १०३० बघा. त्याला २.० आहे, ३० वॉटवर चालतं, पॉवरची वेगळी वायर लागत नाही. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड मागे बसवायची अर्ध्या उंचीची पट्टी सोबत आहे का ते दुकानातच पाहून घ्या. केबल कार्डाला लावा, बोर्डाच्या जुन्या पोर्टला नको. तरी ३० च दिसलं तर मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयची आवृत्ती १.४ वर ठेवलेली आहे का बघा, काहींमध्ये तसा पर्याय असतो.

डोळस:
दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघत जा. डीटीपीवाले हे कधीच करत नाहीत आणि पन्नाशीत डोळे चुरचुरतात.

युनिकोड_आग्रही:
जुन्या फॉन्टांवर अजून अंक का करता? युनिकोडला या.

मुद्रितशोधक_ताई:
लेखकांच्या फायली ज्या येतात त्या येतात. आणि हा धागा मॉनिटरचा आहे, तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या.

पेठेतला_डीटीपी:
१०३० बसवलं. ६० हर्ट्झ आलं, माऊस एकदम मोकळा. सर्वांचे आभार. १५० टक्क्यांवर ब्राउझर आणि पीडीएफ काचेसारखं स्वच्छ, पण मी पानं लावतो ते जुनं कोरल सॉफ्टवेअर अजून पुसट.

औंधवासी:
जुन्या सॉफ्टवेअरला स्केलिंग कळत नाही. विंडोज त्याचं चित्र लहान काढून ताणतं, म्हणून पुसट. कोरलच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयची सेटिंग्ज. ओव्हरराइड चालू करून ‘सिस्टिम एनहान्स्ड’ निवडा. काही सॉफ्टवेअर त्याने सुधारतात, काही नाही.

पेठेतला_डीटीपी:
मेनू थोडे सुधारले, पान तसंच आहे.

औंधवासी:
मग जुना २४ इंची विकू नका. कार्डाला दुसरा पोर्ट असेल, बहुतेक डीव्हीआय. जुना मॉनिटर त्या पोर्टला जोडा, त्याचं स्केलिंग १०० टक्के ठेवा आणि कोरल तिथेच उघडा, तिथे ते ताणलं जात नाही. पान झालं की पीडीएफ काढून नव्या मॉनिटरवर वाचा. रफार-अनुस्वार तिथे तपासा.