कुडाळच्या बाजारात आंबट टोमॅटो का मिळत नाही?

मोगरीवेल

परवा कुडाळच्या बाजारात बारा भाजीवाल्यांकडे फिरले. टोमॅटो सगळीकडे एकच. लांबट, अंड्याच्या आकाराचा, दाबला तरी दबत नाही असा. मग मोठ्या किराणा दुकानात गेले. तिथे दोन खोकी दिसली म्हणून आशेने जवळ गेले, तर दोन्हींत तोच माल. एकात जरा मोठा निवडून ठेवलेला आणि किलोला दहा रुपये जास्त.

घरी येऊन ताटात दोन टोमॅटो शेजारी शेजारी कापले. एक बाजारातला, एक शेजारच्या आजींच्या परड्यातला. बाजारातल्याला दोन कप्पे, भिंती जाड आणि पांढुरक्या, मध्ये टणक गाठ. सुरी आरपार गेली तरी ताट कोरडं. आजींचा चपटा, देठाकडे चुण्या पडलेला, खांद्यावर अजून हिरवी झाक. त्यात सात कप्पे मोजले. सुरी टेकताच साल सुटली आणि रस ताटाच्या काठापर्यंत गेला. टोमॅटोचा आंबटपणा बियांभोवतीच्या त्या बुळबुळीत रसातच जास्त असतो. कप्पे दोन झाले, रस आटला, तर चव कुठून येणार?

टोमॅटोच्या सारात मला चिंच घालावी लागते, हे मला पटत नाही.

आंब्याच्या बाबतीत आपण किती चोखंदळ आहोत! हापूस वेगळा, पायरी वेगळा, मानकूर वेगळा, रसाला रायवळच लागतो. भाजीवालीकडे वालीच्या शेंगासुद्धा आपण गावठी आहेत का विचारून घेतो. मग टोमॅटोच्या बाबतीत जे कॅरेटमधून येईल ते मुकाट्याने का घ्यायचं? जानेवारी ते मार्च हे तीन महिने तरी प्रत्येक बाजारात गावठी टोमॅटोचा वेगळा ढीग लागावा, आणि दुकानदारांनी आणि गिऱ्हाइकांनी दोघांनीही तो मागावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

भाजीगाडा

ताई, मी वीस वर्षं भाजी विकतोय. राग मानू नका, पण कापलेला टोमॅटो तुम्ही ताटात बघता, मी तो कॅरेटमध्ये बघतो. माल रात्री बेळगावहून निघतो, आंबोली उतरून पहाटे येतो. कधी कोल्हापूरहून फोंडा घाटाने. एका कॅरेटमध्ये वीस-पंचवीस किलो, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. घाटाच्या प्रत्येक वळणाला तळातल्या टोमॅटोवर वरचं सगळं वजन येतं. पातळ सालीचा एक फुटला की त्याचं पाणी खालच्या दहांना लागतं आणि दुपारपर्यंत बुरशी. जाड सालीचा माल शेतकरी हौस म्हणून लावत नाही.

आणि गिऱ्हाईक? आंबट आहे का, असं विचारणारं महिन्यातून एखादं येतं. आठवडाभर टिकेल ना, हे रोज पन्नास जण विचारतात.

मागच्या जानेवारीत गावातल्या एका बाईंकडून दोन टोपल्या गावठी घेऊन बघितल्या. अकरा वाजेपर्यंत अर्धी टोपली गेली. नंतर येणारा प्रत्येक जण दाबून बघायचा, हा नरम आहे म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. दहा जणांनी दाबलेला टोमॅटो अकराव्याला कोण विकणार? संध्याकाळी दीड टोपली गुरांना घातली. पैसे माझे गेले. तुमचं मत चांगलं आहे, पण त्याची किंमत आम्ही भरतो.

सोलकढी रोज

माका ह्यो वादच कळाक नाय. आमच्या आयेन बांगड्याच्या तिखल्यात कधी टोमॅटो घातल्यान नाय.

पुढचं सगळ्यांसाठी मराठीत लिहितो. कोकणाला आंबटपणा बाहेरून आणायची गरज कधीच नव्हती. माशाच्या कढीला सोलं म्हणजे कोकमं, नाहीतर कैरीची फोड, नाहीतर चिंच. टोमॅटो आपल्या रश्शात हॉटेलांनी आणला, कारण कांदा-टोमॅटोची एकच ग्रेव्ही करून ठेवली की ती सगळ्या भाज्यांना चालते. आता घरातही तेच सुरू झालंय. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडाखाली कुजतात, पाऊस लवकर आला तर गोळा करायलाही कोणी नसतं. आणि आपण इथे टोमॅटोच्या जातींसाठी भांडतोय. ज्याला आंबट हवं त्याने बरणीतला आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, काढावा. टोमॅटोच्या विविधतेसाठी एवढी शक्ती घालवणं मला चुकीचं वाटतं.

मोगरीवेल

माशाबद्दल शंभर टक्के मान्य. माझ्याही घरी तिखल्यात टोमॅटो पडत नाही. पण शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाचं काय? सार, कोशिंबीर, मुलांच्या डब्यातली टोमॅटोची भाजी, यांत आगळ चालत नाही. आणि रातांबा वाया जातो हे दुःख आहेच, पण म्हणून टोमॅटो बेचव खावा असं थोडंच आहे?

भाजीगाडा दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. मी माल घाट उतरून आणा म्हणत नाहीये. जो पाच-दहा किलोमीटरवर पिकतो, त्याच्याबद्दल बोलतेय.

शेतीशाळा

कृषी पदवीधर आहे, शाळेत शिकवतो. दोन्ही बाजूंच्या थोड्या चुका दुरुस्त करतो.

पहिली ‘गावठी’ या शब्दाची. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. आजींच्या परड्यातलं बी म्हणून प्राचीन वाण असेलच असं नाही. तुम्ही केलेलं वर्णन, म्हणजे चपटा, चुण्या असलेला, आंबट, हे वाचून मला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ आठवला. तो सरळ वाण आहे, एकेकाळी देशभर लावला जायचा, त्यामुळे त्याचं बी घरोघरी राहिलं. तुमच्या आजींकडचा तोच किंवा त्याच्या मिसळीतला असण्याची शक्यता मला मोठी वाटते. हे कमीपणाचं नाही. सरळ वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तेच फळ मिळतं. बाजारातल्या संकरित टोमॅटोचं बी लावलं तर पुढच्या पिढीत रोपारोपात फरक पडतो. त्यामुळे दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट चवीची. ती नुसती आठवणीतली गोडी नाही, तिला कारण आहे. कच्च्या टोमॅटोचा देठाकडचा भाग गडद हिरवा असायचा. पिकल्यावर सगळीकडे सारखा लाल रंग यावा म्हणून पैदासकारांनी वर्षानुवर्षं फिकट, एकसारखी हिरवी फळं निवडली. 2012 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं की ही निवड करताना जो जनुक निकामी झाला, तोच फळातलं हरितद्रव्य आणि साखर वाढवणारा होता. सगळ्याच संकरित वाणांत हा बदल आहे असं मी म्हणत नाही. पण रंग आणि टिकाऊपणा बघून निवड केली की चवीकडे लक्ष राहत नाही, हे खरं.

त्यात लांबच्या बाजारासाठी फळ नुकतं रंग धरतानाच तोडतात, ते वाटेत पिकतं. आणि घरी आणून आपण ते फ्रिजमध्ये टाकतो! 12 अंशांच्या खाली टोमॅटोचा वास मरतो, बाहेर काढून ठेवला तरी पूर्ण परत येत नाही. किमान एवढं तरी सगळ्यांनी बंद करा. टोमॅटो टोपलीत, देठ खाली करून ठेवा.

नदीकाठचा मळा

गावठी लावा म्हणणारे कधी लावून बघतात का? मी बघितलंय.

पाच वर्षांपूर्वी घरच्याच बियाण्याची दोनशे रोपं केली. भात कापलं, मळा नांगरला, कार्तिकात लावली. काठ्या रोवल्या, सुतळीने बांधली. फुलं आली, फळं सुपारीएवढी झाली, आणि एका दुपारी चार झाडांनी माना टाकल्या. वाटलं पाणी कमी पडलं. पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी अकरा झाडं गेली. पानं पिवळी नाहीत, करपलेली नाहीत, हिरवीगार असतानाच लोंबकळायला लागली. कृषी सहायक आले, त्यांनी एक खोड तिरकं कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं. दोन-तीन मिनिटांत कापल्या जागेतून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरायला लागला. मर रोग, जिवाणूंचा. त्यावर औषध फवारून उपयोग नाही, जिवाणू मातीतच असतात. आपली जांभ्याची आम्लधर्मी जमीन आणि ही दमट उष्ण हवा त्यांना मानवते.

दोनशेतली तीसएक झाडं वाचली. बायकोने आणि मी त्या वर्षी पाणी लावण्यातच डिसेंबर घालवला होता.

पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ लावला. तो संकरित आहे, पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना तग धरतो. झाडं उभी राहिली, माल निघाला, मुलीची फी भरली. चव आजींच्या टोमॅटोसारखी नाही, मान्य. पण ज्या झाडाला फळच धरत नाही, त्याची चव काय करायची? संकरित म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते मला आवडत नाही.

दोन डबे

नवऱ्याचा आणि मुलाचा डबा सकाळी सहाला भरते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा महिनाभर आमच्याकडे आलाच नाही. माझ्यासारख्या बाईला स्वस्त आणि टिकणारा टोमॅटो हवा. रविवारी दोन किलो आणते, पुढच्या शनिवारी शेवटचा वापरते. रोज बाजार गाठायला मला वेळ नाही. नरम टोमॅटोच्या तीन फोडी कचऱ्यात गेल्या तरी जीव हळहळतो. दोन्ही मिळावेत हे ठीक, पण कडक टोमॅटोला नावं ठेवू नका. त्याने आमचं स्वयंपाकघर चालतं.

वेंगुर्ला ते बेंगळुरू

नोकरीमुळे बेंगळुरूत राहते. इथे कुठल्याही भाजीच्या गाडीवर दोन ढीग असतात. एक ‘नाटी’, म्हणजे चपटा, चुण्यांचा, आंबट. दुसरा लांबट कडक. भाजीवाला स्वतःच विचारतो, कुठला देऊ? सारू आणि रसमला नाटी, सॅलडला दुसरा. इथल्या बायका रसमसाठी कडक टोमॅटो हातातसुद्धा घेत नाहीत, म्हणून कोणी तो त्यांच्या गळ्यात मारत नाही. गावी आले की वेंगुर्ल्याच्या बाजारात एकच ढीग बघून मला दरवेळी वाईट वाटतं. भाजीगाडा दादांनी दीड टोपली टाकली, पण शेजारी ‘सारासाठी आंबट’ अशी पाटी होती का? गिऱ्हाइकाला तो नरम म्हणजे शिळा वाटला असेल.

शेतीशाळा

एक भर घालतो. त्या ‘नाटी’ ढिगातले पुष्कळ टोमॅटोही आता संकरितच असतात. दक्षिणेत आंबट टोमॅटोला गिऱ्हाईक आहे म्हणून बियाणं कंपन्यांनी आंबट, चुण्यांचे संकरित वाण काढले. म्हणजे संकरित विरुद्ध गावठी हा झगडाच चुकीच्या जागी चाललाय. मागणी असली की आंबट वाण निघतात, आणि आपण मागितलंच नाही.

आणि मळेवाले, मर रोगावर एक वाट आहे. मर सहन करणाऱ्या वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. मुळं वांग्याची, वर आजींचा टोमॅटो. रोप चार पानांचं असताना खुंट तिरका कापून वर टोमॅटोचा शेंडा क्लिपने बसवायचा, आठवडाभर सावलीत आणि दमट हवेत ठेवायचं. आंब्याची कोय कलमं तुमच्या हातची आहेत, हे तुम्हाला जड जाणार नाही. शिवाय जागा भाताच्या खाचराची घ्या. पावसाळाभर पाणी साचून राहिलेल्या जमिनीत या जिवाणूंचा जोर कमी असतो. माती तपासून चुना द्या.

नदीकाठचा मळा

वांग्यावर टोमॅटोचं कलम ऐकून होतो, केलं नाही. पन्नास रोपं करून बघायला हरकत नाही. जास्त नाही, पन्नासच. बाकी मळा अर्का रक्षकच राहील, तो मी सोडणार नाही. आणि पावसाळ्याचं मला विचारू नका. 3000 मिलिमीटर पावसात उघड्यावर टोमॅटो होत नाही, तेव्हा घाटावरचाच खायचा. माझ्याकडचं घरचं बी त्या वर्षीच संपलं. कोणाकडे आहे का?

मोगरीवेल

आजींना आत्ताच विचारून आले. त्यांनी दोन पिकलेले टोमॅटो बियांसाठी झाडावर राखून ठेवले होते, ते मला दिले. गर वाटीत पिळून ठेवलाय. दोन दिवस आंबला की धुऊन कागदावर वाळवते. दिवाळीआधी तुम्हाला पोचवते, दादा. कलमं करताना मला बोलवा, मला बघायचंय.

भाजीगाडा

मळेवाले, तुमचा माल निघाला तर जागा माझ्या फळीवर. पण माझं म्हणणं आधीच सांगतो. कॅरेटमध्ये भरू नका, पसरट टोपलीत आणा, एकावर एक दोन थरांपेक्षा जास्त नको. देठासकट तोडा. सकाळी सातच्या आत दहा किलोच आणा, संपले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. उरलेला माल निम्मा तुमचा, निम्मा माझा. पाटी मी लिहितो, ‘सारासाठी आंबट, दाबू नये’. आणि मोगरीवेल ताई, पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही स्वतः फळीजवळ उभ्या राहा. कोणी नरम म्हणून हात मागे घेतला, तर त्यांना कापून दाखवा.